चौरस फुटांना गरिबी कळते का?

मालमत्ता कराची बिले निघाली किंवा महापालिकेची निवडणूक तोंडावर आली की एक भांडण हमखास रंगते. एका बाजूला ‘घर माझे, हप्ते मी फेडले, मुद्रांक शुल्कही भरले, मग दरवर्षी ही खंडणी कसली?’ असे विचारणारे. दुसऱ्या बाजूला ‘दीड कोटीच्या घरात राहता आणि दहा हजार भरताना रडता?’ असे हिणवणारे. राजकीय पक्ष सहसा पहिल्यांच्या बाजूने असतात, कारण मते तिथे आहेत. अर्थतज्ज्ञ सहसा दुसऱ्यांच्या बाजूने, कारण त्यांना निवडून यायचे नसते. मग मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना असलेली करमाफी 700 वर न्या, मुंबईला दिली तर पुण्याने काय घोडे मारले, अशा मागण्यांचा लिलाव सुरू होतो. या गलक्यात एवढेच कुणी विचारत नाही की घराच्या किमती वाढल्या म्हणून नेमके कोण अडचणीत आले आणि आपण जी सवलत वाटतो ती त्याच्यापर्यंत जाते का.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. सवलत हवीच. पण ती घराचे माप किंवा घराचे वय बघून देणे चूक आहे. ती घरात राहणाऱ्याची अडचण बघून द्यावी, आणि शक्यतो माफी म्हणून नव्हे, मुदत म्हणून द्यावी. कर आज झेपत नसेल तर नंतर घ्या, घर विकले जाईल किंवा वारसांच्या नावावर होईल तेव्हा. मुंबईने मापाचा रस्ता धरला, पुण्याने बराचसा वयाचा. दोन्ही रस्त्यांवर पैसा भलत्याच खिशात जातो.

आधी विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, कारण तो खरा आहे. किंमत वाढली म्हणजे उत्पन्न वाढले असे होत नाही. वरळी कोळीवाड्यातल्या कुटुंबाने सागरी सेतू मागितला नव्हता, आणि समोर टॉवर उभे राहिले म्हणून त्यांच्या जाळ्यात जास्त मासळीही आली नाही. गिरगावात किंवा परळला पुनर्विकासात नवी खोली मिळालेल्या निवृत्त गिरणी कामगाराचे घर कागदावर कोटीच्या पुढे गेले असेल, पण कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतले किमान निवृत्तिवेतन 2014 पासून महिना 1,000 रुपयांवर अडले आहे. शेअर वर गेला तर तो विकेपर्यंत सरकार नफ्यावर कर मागत नाही. कपाटातले सोने दुपटीने महागले तरी कुणी बिल पाठवत नाही. मग ज्या घरात आपण झोपतो, जे विकायचे नाही, त्याच्या वाढलेल्या किमतीवर दरवर्षी पैसे का मोजायचे? ‘परवडत नसेल तर विका आणि विरारला जा’ हे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभते. पंच्याहत्तरीच्या बाईला तिचा डॉक्टर, तिचे देऊळ, तिची भाजीवाली आणि तिच्या मैत्रिणी सोडून जा असे सांगणे हा काही नागरी धोरणाचा पाया होऊ शकत नाही.

पण याच मुद्द्याच्या आत एक गैरसमज दडलेला आहे आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच प्रिय आहे. किंमत वाढली की कर वाढणारच, असे सगळे गृहीत धरतात. तसे असायचे काही कारण नाही. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी घ्या. एकूण किती गोळा करायचे ते मंडपाच्या आणि मिरवणुकीच्या खर्चावर ठरते, कुणाच्या वाट्याला किती हे फ्लॅटच्या आकारावर. सगळ्यांचे फ्लॅट एका रात्रीत दुप्पट झाले तरी मंडपाचा खर्च तेवढाच असेल तर वर्गणी वाढायला नको. मालमत्ता करातही घराचे मूल्य तुमचा वाटा ठरवते, एकूण रक्कम ठरते ती पालिकेच्या अंदाजपत्रकात. अमेरिकेतल्या युटा राज्याने 1985 मध्ये कायदाच असा केला की मूल्ये वाढली की कराचा दर आपोआप खाली येतो. गेल्या वर्षापेक्षा जास्त रक्कम हवी असेल तर तसे जाहीर करून, सुनावणी घेऊन, लोकांच्या शिव्या खाऊन मग घ्यायची. आपल्याकडे रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागांच्या दरांचे, आकडे जाहीर होतात तेव्हा वर्तमानपत्रे भरून येतात. पण त्या वर्षी कराचा दर काय ठेवला आणि तो खाली का आणला नाही, हा प्रश्न सभागृहात किती वेळा विचारला जातो? आणि मार्च 2022 नंतर मुंबई-पुण्यात वर्षानुवर्षे प्रशासकच होते, निवडून आलेले सभागृहच नव्हते. विचारणार तरी कोण?

मुंबईची गोष्ट जरा सविस्तर बघू. 1 एप्रिल 2010 पासून मुंबई महापालिकेने भाड्यावर आधारलेले जुने करयोग्य मूल्य सोडून भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर, कर लावायला सुरुवात केली. तेव्हाच पहिले कुंपण घातले गेले. निवासी घरांचा कर आधीच्या दुपटीपेक्षा जास्त होणार नाही, पुढच्या फेरआकारणीत वाढ 40 टक्क्यांच्या वर जाणार नाही, आणि 500 फुटांच्या आतल्या घरांना पहिली पाच वर्षे वाढच नाही. हे शहाणपणाचे होते. झटका बसू नये म्हणून वाढीला लगाम घालणे एक आणि कर पुसून टाकणे दुसरे. पुढे उच्च न्यायालयाने 2019 मध्ये भांडवली मूल्याच्या नियमांतला काही भाग रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तो निकाल कायम ठेवला. जमिनीवर उद्या काय उभे राहू शकते त्याचा हिशेब धरून आज कर लावता येणार नाही, आज ती जशी आहे तशी मोजा, असा त्याचा सरळ आशय. काल्पनिक मूल्यावर कर नको म्हणणाऱ्यांना न्यायालयाने हवे तेवढे माप दिले आहे, हेही मान्य करायला हवे.

पण राजकारणाला लगाम पुरत नाही, त्याला माफी लागते. 2017 च्या निवडणुकीत 500 फुटांचे आश्वासन आले. 2019 मध्ये माफी जाहीर झाली आणि लोकांच्या हातात तरीही बिल पडले, कारण माफ झाला होता तो फक्त सर्वसाधारण कर. बिलात खाली जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर अशी पंगत तशीच बसलेली होती. (मुंबईच्या बिलाची ती उतरंड एकदा शांतपणे वाचावी. वृक्ष उपकर भरून आपण नेमकी किती झाडे वाचवली हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) अखेर 1 जानेवारी 2022 पासून संपूर्ण माफी आली. सुमारे 16 लाख घरे करातून बाहेर पडली.

यातली बहुतेक कुटुंबे साधीच आहेत, हा या माफीच्या बाजूचा खरा युक्तिवाद. मुंबईत 500 फूट म्हणजे चैन नव्हे. पण अट कशाची आहे? चटई क्षेत्राची. उत्पन्नाची नाही. वांद्र्याच्या पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून असलेला 490 फुटांचा फ्लॅट, ज्याची किंमत मुलुंडच्या तीन फ्लॅटांएवढी, तो माफ. मुलुंडच्या जुन्या सोसायटीत 520 फुटांत सहा माणसे राहतात, त्यांना पूर्ण बिल. चौरस फुटांना गरिबी कळत नाही. रेषा 700 वर नेली तर 710 वाला ओरडणार, आणि त्याचे ओरडणे तितकेच रास्त असणार. शिवाय हे सगळे घडले ते जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा पालिकेचा कर, गेल्यानंतर. 1 जुलै 2017 ला जकात संपली, तिच्या जागी राज्य सरकारकडून येणारी भरपाई आली. म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या हातात जो एक मोठा कर उरला होता, तोच आपण टाळ्या वाजवत कापायला घेतला. स्वतःचा पैसा नसलेली पालिका मंत्रालयाच्या दाराशी उभी राहते, आणि मग आपणच विचारतो की शहराचे निर्णय शहरात का होत नाहीत.

पुण्याची तऱ्हा वेगळी. तिथे 1970 पासून स्वतः राहणाऱ्या घरमालकाला 40 टक्के सवलत होती. लेखापरीक्षणातल्या आक्षेपांनंतर राज्य सरकारने 2018 मध्ये ती मोडीत काढली, ओरड झाली आणि 2023 मध्ये ती परत आणावी लागली. ती मिळवण्यासाठी पुणेकर पीटी-3 नावाचा अर्ज घेऊन रांगेत उभे राहिले. सोबत सोसायटीचे पत्र किंवा मतदार ओळखपत्र, गॅसचे पुस्तक, रेशनकार्ड, आणि शहरात दुसरे घर असेल तर त्याचे बिल. ‘पन्नास वर्षे इथे राहतोय, आता सिद्ध काय करू?’ हा प्रश्न क्षेत्रीय कार्यालयातल्या खिडकीवर त्या वर्षी किती जणांनी विचारला असेल कोण जाणे.

स्वतः राहण्याची अट ही मापाच्या अटीपेक्षा बरी आहे, हे मी मानतो. निदान ती घर आणि गुंतवणूक यांत फरक करते. तरी तिच्या पोटात दुसरा अन्याय आहे. पुण्यात घराचे करयोग्य मूल्य ठरते ते मुख्यतः त्याची पहिली आकारणी झाली त्या वेळच्या दराने. त्यामुळे प्रभात रस्त्यावरचा जुना बंगला जुन्या दराने मोजला जातो, आणि धायरीत किंवा वाघोलीत कालपरवा कर्ज काढून घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट आजच्या दराने. धायरी 2017 मध्ये महापालिकेत आली, वाघोली 2021 मध्ये. तिथे अजून टँकर फिरतात. नळाला पाणी कमी आणि दर फुटाला कर जास्त, हे गणित त्या माणसाला कुठल्या तोंडाने समजावणार? आणि भाडेकरू? त्याच्या घरमालकाला 40 टक्के नाहीत, मालक तो बोजा भाड्यातून वसूल करणार. शहरातला सगळ्यात कमी ऐपतीचा माणूस बहुधा भाड्यानेच राहतो, आणि घरमालकांच्या सवलतीच्या वादात त्याचे नाव कुणी घेत नाही.

कर गोठवायचा म्हणजे पुढे काय होते, ते बघायला कॅलिफोर्नियात जावे लागेल. सत्तरच्या दशकात तिथे घरांच्या किमती भडकल्या, बिले त्यांच्यामागे धावली आणि म्हातारी माणसे घर गमावतील अशी धास्ती बसली. 6 जून 1978 ला मतदारांनी प्रस्ताव 13 मोठ्या बहुमताने मंजूर केला. कर किमतीच्या 1 टक्क्यावर बांधला, मूल्य 1975 च्या पातळीवर नेले, त्यावर वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढ, आणि नव्याने आकारणी मुख्यतः घर विकल्यावर. ज्यांच्या नावाने हे आंदोलन झाले त्या आजीबाईंना दिलासा मिळाला, यात शंका नाही. पण त्याच दरवाजातून डिस्नीलँडही आत शिरले, कारण नियम व्यापारी मालमत्तेलाही तोच होता. 1988 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये घर घेतलेल्या एका वकील बाईंच्या लक्षात आले की शेजारच्या तशाच घरांपेक्षा आपण सुमारे पाचपट कर भरतो आहोत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नॉर्डलिंगर विरुद्ध हान या 1992 च्या निकालात आठ विरुद्ध एक अशा मतांनी न्यायालय म्हणाले की हे घटनेत बसते. बसत असेल. शेजारधर्मात बसते का? तिथल्या राजकारण्यांना हा नियम हलवणे आजवर जमलेले नाही. 2020 मध्ये निदान मोठ्या व्यापारी मालमत्ता तरी त्यातून बाहेर काढा, असा प्रस्ताव आला आणि थोडक्यात पडला. गोठवलेल्या कराभोवती मतदारसंघ तयार होतो, आणि जो तयार झाला तो उठत नाही.

‘ती अमेरिका, आपले वेगळे’ असे कुणी म्हणेल. पण आपण तर हा प्रयोग त्यांच्या आधी केला. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे भाडे, सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून ठेवले. युद्धानंतरची टंचाई होती, फाळणीने माणसे येत होती, तेव्हा त्यामागचा हेतू चूक म्हणता येणार नाही. पण करयोग्य मूल्यही भाड्यावरच ठरत होते, आणि 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रमाण भाड्याच्या वर ते जाऊ शकत नाही. म्हणजे भाडे गोठले तसा पालिकेचा करही गोठला. घरमालकाने दुरुस्ती सोडली, पागडीचा, म्हणजे भाड्याच्या खोलीसाठी एकरकमी घेतल्या जाणाऱ्या पैशांचा, काळा बाजार फुलला, 1969 मध्ये दुरुस्ती मंडळ काढून उपकर लावावा लागला, आणि दक्षिण मुंबईतल्या हजारो उपकरप्राप्त इमारती दर पावसाळ्यात टेकूंवर उभ्या राहू लागल्या. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले, तेव्हा कुठे नवा कायदा आला आणि वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली. तोवर अर्धे शतक गेले होते. गोरगरीब भाडेकरू वाचले हे खरे. चर्चगेटजवळ नाममात्र भाड्यात राहणारे गोरगरीब नव्हते, हेही तितकेच खरे. कायदा दोघांत फरक करू शकत नव्हता, कारण तो तारखेकडे बघत होता, माणसाकडे नाही.

आता माणसाकडे बघायचे म्हटले की एक रास्त अडचण समोर येते. आपल्याकडे उत्पन्न सिद्ध करणे हा फार्स आहे. वर्षाला 21 हजारांच्या आतले उत्पन्न दाखवणारे दाखले कसे मिळतात, हे निराधार वृद्धांना पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. खऱ्या निराधार बाईला हेलपाटे, आणि ओळख असलेल्याला दाखला घरपोच. त्यापेक्षा टेप लावून फूट मोजणे सोपे, त्यात चिरीमिरीला वाव कमी, असे माफीवाले म्हणतात. प्रशासनाच्या दृष्टीने हा त्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा आहे आणि मी तो उडवून लावत नाही.

मुदतीची सवलत नेमकी याच ठिकाणी माफीपेक्षा सरस ठरते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 55 वर्षांवरच्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाला कर पुढे ढकलता येतो. टेक्सासमध्ये ही सोय पासष्टीनंतर आहे. रक्कम घरावर बोजा म्हणून चढते, माफक व्याज लागते, आणि घर विकले गेले किंवा मालक वारला की हिशेब मिटतो. इथे उत्पन्नाचा दाखला लागतच नाही. ज्याला कर परवडतो तो उगाच व्याज चढू देणार नाही, आणि दिलेच तर पालिकेचे काही बुडत नाही. वय आणि स्वतःचे वास्तव्य, एवढे दोन पुरावे पुरतात. दुसरा पुरावा पुणेकरांनी पीटी-3 भरून देऊनही टाकला आहे.

‘घरावर बोजा? पोरांना काय ठेवायचे मग?’ हा आक्षेप येणारच. आपल्या माणसाला घरावर कर्ज नको असते. 2007 मध्ये आलेली रिव्हर्स मॉर्गेज योजना, म्हणजे घर तारण ठेवून म्हातारपणी बँकेकडून दरमहा पैसे घेण्याची सोय, इथे रुजली नाही ती काही उगाच नाही. पण आकडा तरी बघा. वर्षाला 12 हजार कर, वीस वर्षे पुढे ढकलला, सरळ 7 टक्के व्याज धरले तर शेवटी देणे होते सुमारे 4 लाख. दीड कोटीच्या घरावर हे पावणेतीन टक्के झाले. तेच घर मुंबईत विकताना सरकार 6 टक्क्यांप्रमाणे 9 लाख मुद्रांक शुल्क एका दमात घेते आणि रस्त्यावर कुणी उतरत नाही, कारण त्या दिवशी पैसा हातातून हातात जात असतो. शिवाय सक्ती कुणावरच नाही. मुलांना बोजा नको असेल तर त्यांनी आईचा कर भरावा. वारसाचे घर वाचवण्यासाठी वाघोलीच्या भाडेकरूने का भरायचा?

राहिला खड्ड्यांचा मुद्दा. पालिका पैसा खाते, मग कर का द्यायचा? 1871 मध्ये मुंबईचे करदाते आर्थर क्रॉफर्ड यांच्या उधळपट्टीवर असेच चिडले होते. आयुक्त म्हणून त्यांनी बाजार बांधले, रस्ते केले आणि पालिकेला कर्जात घातले. त्या संतापातून माफी निघाली नाही. 1872 चा कायदा निघाला, आणि 64 जणांच्या सभागृहात निम्मे करदात्यांनी निवडलेले आले. तेव्हा कर भरणाऱ्यालाच मत होते, गरिबाला नव्हते, ती व्यवस्था परत यावी असे कुणी म्हणणार नाही. पण रागाचा रोख बघा. त्यांनी हिशेब मागितला, सूट नाही.

आपल्या कायद्यात सध्या जे आहे ते मात्र मुदतीच्या नेमके उलटे आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला 24. मोठा थकबाकीदार वकील लावतो आणि थकबाकीदारांना सूट देणाऱ्या अभय योजनेची वाट बघतो. ती येते, शास्तीतला मोठा हिस्सा माफ होतो, आणि वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो. पेन्शनवर जगणारी बाई बँड वाजवत येणाऱ्या वसुली पथकाच्या भीतीने औषधाच्या पैशांतून कर भरते. ही शास्ती कायद्यातली आहे, त्यामुळे ती बदलणे कुठल्याही महापौराच्या हातात नाही, विधिमंडळाच्या आहे. साठीपुढच्या, स्वतःच्या एकुलत्या घरात राहणाऱ्यांपुरती ती काढून तिथे बँकेच्या ठेवीएवढे व्याज आणि मिळकतपत्रिकेवर एक नोंद, एवढी दुरुस्ती एका अधिवेशनात होण्यासारखी आहे. फुटांचा आकडा वाढवण्याइतका तिचा बॅनर मोठा होणार नाही, एवढीच काय ती अडचण.